दिवसाला ३०,००० पावले चालायची असतील तर

आपला प्रश्न मला समजला तो असा. वय ३८, उंची १७० सेंटिमीटर, वजन ७४ किलो, नोकरी बैठी आणि नऊ तासांची. वर्षभर रोज १०,००० पावले सहज होत होती, म्हणून आपण थेट ३०,००० चे उद्दिष्ट घेतले, तीन आठवड्यांत १८,००० पर्यंत मजल मारली आणि तेथेच गाडी अडली. ठरवलेल्या आकड्याला पावले कमी पडली की रात्री साडेदहानंतर आपण घरातल्या घरात येरझाऱ्या घालता. सकाळी पलंगावरून उतरताना उजवी टाच ठणकते आणि दहा-पंधरा मिनिटांत तिला आराम पडतो. आणि शेवटी आपण विचारले आहे की जे लोक रोज एवढे चालतात ते हे कसे जमवतात, की आपल्यातच जिद्द कमी आहे?

जिद्दीचा मुद्दा आधी निकालात काढू. दिवसभर काम करून रात्री साडेदहाला येरझाऱ्या घालणाऱ्या माणसात जिद्द कमी नसते. असलीच तर ती चुकीच्या वेळी खर्च होत असते. मी चौदा वर्षे लांब पल्ल्याचे चालतो आहे, त्यांतली नऊ वर्षे इतरांना त्यासाठी तयार करतो आहे, आणि माझी वर्षाची सरासरी बहुतेक वेळा २२,००० ते २६,००० पावलांच्या दरम्यान राहिली आहे. या काळात जे मध्येच थांबले त्यांत कंटाळून थांबलेले फार थोडे होते. बहुतेकांच्या दिवसात तेवढे तास मोकळे नव्हते, किंवा त्यांनी पायांना पुरेशी मुदत दिली नव्हती. आपल्या प्रश्नात हे दोन्ही अडथळे एकमेकांत मिसळले आहेत, म्हणून ते वेगळे करून पाहू. मी डॉक्टर नाही. टाचेबद्दल पुढे जे लिहिले आहे ते त्या मर्यादेतच वाचावे.

प्रथम तासांचा हिशेब. सपाट रस्त्यावर साधारण चालीने चालताना माणसाचे एक पाऊल त्याच्या उंचीच्या ४१ ते ४२ टक्के अंतर कापते. आपल्या उंचीला ते सुमारे ७० सेंटिमीटर होईल. म्हणजे १०,००० पावलांचे ७ किलोमीटर आणि ३०,००० पावलांचे २१ किलोमीटर, जवळजवळ अर्ध्या मॅरेथॉनएवढे, आणि तेही रोज. मिनिटाला १०० पावले ही मध्यम श्रमाची ढोबळ सीमा मानली जाते. ११० ही बऱ्यापैकी चटपटीत चाल झाली, आणि त्या चालीने ३०,००० पावलांना २७३ मिनिटे, म्हणजे साडेचार तासांहून थोडे अधिक लागतात. भरभर चालून हा वेळ वाचवता येईल असे पुष्कळांना वाटते. वाचतो, पण फार नाही. मिनिटाला १०० पावलांनी पाच तास लागतील आणि १२० पावलांनी चार तास दहा मिनिटे; एवढ्या दमछाकीतून हाती येतात ती पन्नास मिनिटे, आणि दिवसभर १२० ची चाल सुरुवातीला फारशा कोणाच्या नडग्यांना मानवत नाही. आपण १८,००० वर का अडकलात हेही याच हिशेबात दिसते. सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास चालून सुमारे १३,००० पावले होतात, घरातल्या व कामावरच्या किरकोळ हालचालीची चार-पाच हजार त्यात मिळतात, आणि १८,००० ला दिवस संपतो. दोन फेऱ्यांचा दिवस तेवढाच देतो. त्यापुढे जायचे तर फेऱ्या लांबवण्यापेक्षा दिवसाची घडीच बदलावी लागते.

येथे एक प्रामाणिक कबुली द्यायला हवी. प्रकृतीसाठी म्हणून कोणी मला विचारले तर मी ३०,००० हा आकडा सुचवणार नाही. आपल्याला परिचित असलेला १०,००० चा आकडाही वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, यामासा या जपानी कंपनीने पावले मोजणारे एक उपकरण बाजारात आणले आणि त्याचे नाव ‘मानपो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावलांचे मापक’ असे ठेवले, तेथून तो जगभर पसरला. अमेरिकेतील सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६,००० हून अधिक स्त्रियांच्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांचा मृत्युदर २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळला आणि ७,५०० च्या आसपास तो फायदा स्थिरावला. २०२२ मध्ये १५ अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून जे विश्लेषण झाले त्यात साठीच्या पुढच्यांसाठी ६,००० ते ८,००० आणि साठीच्या आतल्यांसाठी ८,००० ते १०,००० या टप्प्यावर आलेख सपाट होत गेला. हे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत, त्यामुळे त्यांतून कार्यकारणभाव ठामपणे काढता येत नाही. पण आपण आज जेथे आहात तेथे प्रकृतीच्या दृष्टीने मोठा भाग पदरात पडलेला आहे, एवढे त्यावरून म्हणता येते. त्यापुढची पावले आवड म्हणून, लांबच्या पदयात्रेची तयारी म्हणून, किंवा चालताना डोके शांत राहते म्हणून चालावीत. मी स्वतः शेवटच्या कारणासाठी चालतो. कारण कोणते हे मनाशी स्पष्ट असले की एखादा दिवस १५,००० वर थांबला तरी जीव वरखाली होत नाही.

आता दिवसाच्या घडीकडे येऊ, कारण खरे काम तेथेच आहे. कॅनडातील जुन्या वळणाच्या अमिश शेतकरी समाजाचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मोटारी आणि ट्रॅक्टर न वापरणाऱ्या या समाजात पुरुषांची रोजची सरासरी १८,४२५ पावले आणि स्त्रियांची १४,१९६ पावले भरली; घोड्यांच्या औतामागे चालणाऱ्या एका माणसाची एका दिवसाची नोंद तर ५१,००० च्या पुढे गेली. यांतले कोणी ‘फिरायला’ जात नव्हते. पावले कामातून पडत होती, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत, थोडी थोडी. उलट टोकाचे उदाहरण १८०९ चे आहे. कॅप्टन रॉबर्ट बार्कले अलार्डाइस या स्कॉटिश गृहस्थाने इंग्लंडमधील न्यूमार्केट येथे १,००० तासांत १,००० मैल, दर तासाला एक मैल या अटीवर, चालून दाखवले. दिवसाला २४ मैल, म्हणजे ३८ किलोमीटरांच्या वर, साधारण ५०,००० पावले, सलग सहा आठवडे. एक मैल चालायला वीस मिनिटे पुरत असल्यामुळे अंतर हा त्याच्यापुढचा मोठा प्रश्न नव्हता. झोप हा होता. म्हणून एका तासाच्या शेवटी एक मैल आणि पुढच्या तासाच्या सुरुवातीला लगेच दुसरा, असे दोन मैल जोडून तो मध्ये सुमारे दीड तासाची विश्रांती मिळवत असे. दोन्ही उदाहरणांत मला एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे एकट्या एका फेरीवर त्यांतल्या कोणाचाच दिवस अवलंबून नव्हता.

बैठ्या नोकरीच्या दिवसात हे कसे बसवायचे? माझ्याकडे येणाऱ्या बैठी कामे करणाऱ्यांपैकी ज्यांना हा पल्ला टिकवता आला, त्यांचा दिवस थोड्याफार फरकाने असा असतो. सकाळी न्याहारीच्या आधी ७५ मिनिटे, म्हणजे ८,००० पावले. दुपारच्या जेवणानंतर २० मिनिटे, २,०००. कामाच्या आठ तासांत दर तासाला उठून चार मिनिटे, त्याची दिवसभरात ३,००० होतात. चार मिनिटांना लोक हसतात, पण संध्याकाळपर्यंत त्यांचीच बेरीज अर्ध्या तासाच्या फेरीएवढी झालेली असते. ज्या संभाषणात पडद्याकडे पाहायचे नसते असे दूरध्वनी उभ्याने आणि चालत घेतल्यास ४५ मिनिटांत ४,०००. काम संपल्यावर, घरात शिरून बूट काढण्याच्या आत, एक तास : ६,५००. रात्रीच्या जेवणानंतर रमतगमत २५ मिनिटे : २,५००. उरलेली ४,००० पावले घरकामात आणि इकडेतिकडे पडतात, ती आजही आपली पडतच आहेत. बेरीज ३०,००० होते, आणि मुद्दाम काढलेला वेळ सव्वाचार तासांच्या आसपास राहतो, मात्र त्यातला निम्म्याच्या जवळ जाणारा भाग असा असतो की त्या वेळी आपण नाहीतरी जेवणानंतर सुस्तावून बसलेले किंवा कानाला फोन लावून बसलेले असता. या रचनेत सगळ्यांत मोलाची मी सकाळची फेरी मानतो. न्याहारीच्या वेळी ८,००० झाली असतील तर दिवस बिघडला तरी २०,००० च्या पुढे जातो. सकाळ हुकली तर संध्याकाळी कितीही तंगडतोड केली तरी ती तूट सहसा भरून निघत नाही.

‘बूट काढण्याच्या आत’ हे शब्द मी मुद्दाम लिहिले आहेत. संध्याकाळी घरी येऊन बूट काढले, पाय वर घेऊन बसले, की पुन्हा बाहेर पडणाऱ्यांचे प्रमाण माझ्या अनुभवात दहांत दोन-तीन एवढेच आहे. मी कित्येक वर्षे संध्याकाळी दारापर्यंत येतो, पिशवी आत ठेवतो आणि उंबऱ्यावरूनच परत फिरतो. घरातल्यांना आधी ते विचित्र वाटे.

हे सगळे परिस्थितीवर अवलंबून आहे, हे उघडच आहे. लहान मुले असलेल्या घरात सकाळची ७५ मिनिटे ही चैन ठरते. ज्यांच्या कामात टेबल सोडता येत नाही त्यांना चार-चार मिनिटांचा मार्ग बंद असतो. ज्यांना मधुमेह आहे आणि तळपायाची संवेदना कमी झाली आहे, ज्यांना चालताना छातीत दडपण येते, किंवा ज्यांचे गुडघे आधीच कुरकुरत आहेत, त्यांनी वैद्यकीय तपासणीपूर्वी या आकड्यांच्या मागे लागू नये. वजन जास्त असेल तर तेच पाऊल पायाला अधिक जड पडते, त्यामुळे मुदत वाढवावी लागते. आणि काहींच्या दिवसात साडेचार तास खरोखरच बसत नाहीत. त्यांनी २०,००० वर समाधान मानण्यात काहीही कमीपणा नाही.

रात्रीच्या येरझाऱ्यांबद्दल मात्र मी आग्रहाने सांगेन की त्या आजपासून बंद करा. घड्याळाचा दिवस मध्यरात्री संपतो ही यंत्राची सोय आहे. पायांना मध्यरात्र कळत नाही. रात्री उशिरा थकलेल्या पायांनी, बहुधा अनवाणी, कडक फरशीवर, दर आठ-दहा पावलांना गिरकी घेत काढलेली ती चार हजार पावले दिवसातली सर्वांत महागडी असतात, आणि ती झोपेतून वजा होतात. आपल्या टाचेच्या दुखण्यात त्यांचा मोठा वाटा असावा असा माझा संशय आहे. त्याऐवजी आठवड्याची बेरीज धरा. ३०,००० ची सरासरी म्हणजे आठवड्याला २,१०,००० पावले. सहा दिवस ३२,५०० आणि एक दिवस १५,००० चाललात तरी तीच बेरीज येते, आणि पायांना दर आठवड्याला एक हलका दिवस मिळतो. हा हलका दिवस आधीच ठरवून ठेवा. आजारपण किंवा पाऊस तो ठरवील अशी वाट पाहू नका.

हे मी शहाणपणाने शिकलो नाही. पाचव्या वर्षी मी ‘एकही दिवस २५,००० च्या खाली नाही’ असा नेम धरला होता आणि तो चारशे दिवसांच्या पुढे नेला होता. एके दिवशी डाव्या पायाच्या वरच्या बाजूला, चवड्याच्या मागे, बोटाच्या टोकाएवढ्या जागेत दुखू लागले. दाबले की नेमके तेथेच कळ येई, बोट एक सेंटिमीटर सरकवले की काही नाही. साखळी तुटू नये म्हणून मी बुटाची नाडी तेवढ्या भागात सैल केली आणि अकरा दिवस चाललो. पहिल्या क्ष-किरण चित्रात काही दिसले नाही, याचाही मी सोयीस्कर अर्थ काढला. अशा बारीक भेगा सुरुवातीला त्या चित्रात पुष्कळदा दिसतच नाहीत हे मला नंतर कळले. पुढच्या तपासणीत तिसऱ्या प्रपदास्थीला, म्हणजे मधल्या बोटामागच्या लांब हाडाला, ताणाची भेग निघाली आणि सात आठवडे चालणे बंद झाले. या दुखण्याला वैद्यकात ‘मार्च फ्रॅक्चर’ म्हणतात, कारण क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या चाळीस वर्षे आधी, १८५५ मध्ये, ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरांनी लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पायांचे वर्णन करून ठेवले होते. पडणे नाही, मुरगळणे नाही. तेच पाऊल लाखो वेळा पडणे एवढेच त्याला पुरते.

येथून दुसरा अडथळा, पायांची मुदत. वाढीव श्रमाला हृदय आणि श्वास काही आठवड्यांत सरावतात, स्नायूही लवकर सरावतात. स्नायूबंध, तळव्याचा पट्टा (टाचेपासून बोटांकडे जाणारा तळपायाचा चिवट पट्टा) आणि हाडे यांना महिने लागतात. त्यामुळे एक फसवा काळ येतो, ज्यात दम मुळीच लागत नाही, उत्साह ओसंडत असतो, आणि आत पट्ट्यावर ताण साचत असतो. आपण तीन आठवड्यांत १०,००० वरून १८,००० वर गेलात, म्हणजे ८० टक्के वाढ. मी लोकांना दर दोन आठवड्यांनी रोजच्या सरासरीत साधारण १,५०० पावलांची वाढ करायला सांगतो आणि दर चौथ्या आठवड्यात मुद्दाम पाचव्या हिश्श्याने कमी चालायला लावतो. या गतीने १२,००० वरून ३०,००० वर यायला सात-आठ महिने लागतात. हा काही निसर्गनियम नाही. तरुण, हलक्या आणि उभ्याने काम करणाऱ्या माणसांना मी यापेक्षा लवकर गेलेले पाहिले आहे. पण बैठ्या कामातून आलेल्या, चाळिशीकडे झुकलेल्या माणसाला यापेक्षा घाई करू देण्याचे धैर्य मला होत नाही.

आपल्या टाचेचे वर्णन, म्हणजे उठल्यानंतरची पहिली काही पावले झोंबरी आणि दहा-पंधरा मिनिटांत आराम, हे तळव्याच्या पट्ट्याच्या दुखण्याशी जुळते. तरी एक साधी चाचणी करून पाहा. टाच दोन्ही तळहातांच्या मध्ये धरून दोन्ही बाजूंनी एकदम दाबा. अशा दाबाने जोराची कळ आली, किंवा चालता चालता दुखणे कमी होण्याऐवजी वाढत गेले, किंवा पाय टेकलेला नसतानाही रात्री ठणकू लागले, तर ते हाडाचे असू शकते. मग चालणे थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे, तेथे माझ्यासारख्याचा सल्ला चालणार नाही. तसे काही नसेल तर दोन-तीन आठवडे १२,००० वर उतरा, घरातही मऊ तळाचे पायताण घाला, आणि एक व्यायाम एक दिवसाआड करा : जिन्याच्या पायरीवर चवड्यावर उभे राहायचे, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी घ्यायची म्हणजे बोटे वर वळलेली राहतात, आणि टाच तीन सेकंदांत वर, दोन सेकंद स्थिर, तीन सेकंदांत पायरीच्या खाली. दहा-बारा वेळा, तीन फेऱ्या. याचा गुण दिसायला आठवडे लागतात आणि मध्येच सोडून देण्याचा मोह फार होतो. दोन महिन्यांत फरक पडला नाही तर तज्ज्ञांना दाखवायला लाजू नये.

थोडक्यात सांगायचे झाले तर येथवर इतके झाले : १८,००० ची अडचण दोन फेऱ्यांच्या दिवसामुळे आहे, टाचेची अडचण वाढीच्या वेगामुळे आहे, आणि रात्रीच्या येरझाऱ्या दोन्हींत भर घालत आहेत. उरल्या काही व्यवहाराच्या गोष्टी.

मोजणीवर किती विश्वास ठेवायचा हे प्रत्येकाने एकदा स्वतः तपासावे. मनगटावरचे घड्याळ पाय मोजत नाही, हाताच्या हालचालीवरून पावलांचा अंदाज बांधते. हातात छत्री असेल, बाबागाडी ढकलत असाल किंवा चालपट्ट्याचा (ट्रेडमिलचा) कठडा धरला असेल तर ते कमी मोजते. भांडी घासताना किंवा जोरजोराने हातवारे करून बोलताना उगाचच जास्त मोजते. मी नवीन माणसाला पहिल्या दिवशी दहा नाणी उजव्या खिशात ठेवायला सांगतो. मनात शंभरपर्यंत मोजायचे, एक नाणे डाव्या खिशात टाकायचे, पुन्हा एकपासून सुरू करायचे. दहावे नाणे पडले की थांबून घड्याळ पाहायचे. एकदा नेहमीच्या चालीने, एकदा अगदी सावकाश, एकदा हात खिशात घालून. नेहमीच्या चालीत हजाराला वीस-तीस इकडेतिकडे असले तर सोडून द्यावे. सावकाश चालीत मात्र मी घड्याळांना शंभर-दोनशे पावले गिळताना पाहिले आहे. कामाच्या टेबलाखाली चालपट्टा ठेवणाऱ्यांना हे विशेष जाणवते, कारण ताशी दोन-अडीच किलोमीटरच्या त्या चालीत हात कळफलकावर स्थिर असतात. अशा वेळी मोजणारे उपकरण खिशात किंवा घोट्याला लावावे. या चालपट्ट्याबद्दल पुष्कळ विचारणा होते म्हणून सांगतो : वाचणे, ऐकणे, साधी पत्रे लिहिणे त्यावर जमते, आकडेमोडीचे बारीक काम जमत नाही, आणि त्यावरची पावले मी मोकळ्या हवेतल्या पावलांच्या बदली न धरता त्यांच्या जोडीला धरतो.

बुटांचा विचार किलोमीटरमध्ये करा. चालण्या-पळण्याच्या बुटाचा तळ साधारणपणे ५०० ते ८०० किलोमीटरांत बसतो. रोज २१ किलोमीटर चालणाऱ्याचे ८०० किलोमीटर अडतीस दिवसांत संपतात, हे ऐकून पुष्कळांचा उत्साह मावळतो, पण तो हिशेब आधीच केलेला बरा. दोन जोड आलटून पालटून वापरावेत, म्हणजे घामाने ओला झालेला जोड पूर्ण वाळतो. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभराच्या चालण्याने पाय फुगलेले असतात, आणि सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी. फोड घर्षण आणि ओल यांच्या संगनमताने येतात. जाड सुती मोजा घाम धरून ठेवतो, त्यापेक्षा लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा मोजा बरा. फोड येण्याआधी ती जागा नुसती गरम लागते. तेवढ्यात थांबून, मोजा काढून, त्यावर चिकटपट्टी लावली तर दोन मिनिटे जातात. ‘घरी जाऊन बघू’ म्हटले तर चार दिवस जातात.

आपण वजनाबद्दल ओझरते लिहिले आहे म्हणून थोडे. बसून राहण्याच्या तुलनेत सपाटीवर एक किलोमीटर चालायला आपल्या वजनाच्या माणसाला ढोबळमानाने ३५ ते ४५ किलोकॅलरी जास्त लागतात, म्हणजे वाढीव २०,००० पावलांचे, १४ किलोमीटरांचे, पाच-सहाशे किलोकॅलरी झाले. कागदावर हे पुष्कळ दिसते. प्रत्यक्षात भूक वाढते, आणि उरलेल्या वेळात माणूस नकळत अधिक बसून राहतो. टांझानियातील हाड्झा या शिकार करून आणि कंदमुळे गोळा करून राहणाऱ्या लोकांचा दैनंदिन ऊर्जाखर्च हर्मन पॉन्टझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजला, तेव्हा शरीराचा आकार लक्षात घेतल्यावर तो बैठ्या पाश्चात्त्य लोकांपेक्षा लक्षणीय जास्त निघाला नाही. तो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून वजन उतरवणे हाच हेतू असेल तर ताटाकडे लक्ष द्यावे लागेल, पावलांवर सगळी भिस्त ठेवू नये.

उन्हाला कमी लेखू नका. नेदरलँड्समधील नायमेगेन येथे १९०९ पासून चार दिवसांची प्रसिद्ध पदयात्रा भरते, तीत लोक दिवसाला ३० ते ५० किलोमीटर चालतात. २००६ मध्ये पहिल्याच दिवशी तीव्र उष्म्यात दोन जण दगावले आणि उरलेले तीन दिवस रद्द करावे लागले. उष्ण दिवसांत मोठी फेरी पहाटे उरकावी, तहान लागेल तसे पाणी प्यावे, आणि कित्येक तास चालताना नुसतेच पाणी भरमसाट पिऊ नये, कारण त्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

आपल्यासाठी पुढच्या तीन आठवड्यांचे काम एवढेच : रोज १२,००० पावले, त्यांतली ६,००० न्याहारीच्या आत, रात्री नऊनंतर घड्याळ काढून ठेवणे, आणि सकाळी उठल्यावरच्या पहिल्या दहा पावलांना टाच किती दुखली हे शून्य ते दहा अशा आकड्यात वहीत लिहिणे. हा आकडा सलग आठवडाभर दोनच्या खाली राहिला की १३,५०० वर जा. मध्येच वर चढला तर आहे तेथेच थांबा. कामाच्या नऊ तासांत उभ्याने घेता येतील अशी दूरध्वनीवरील संभाषणे किती असतात आणि दुपारच्या सुटीत इमारतीबाहेर पडता येते का, हे आपण लिहिलेले नाही. ते कळवलेत तर दिवसाची घडी आपल्या वेळापत्रकात बसवून देता येईल.